सांतइनेज खाडीत घाण येते कुठून?

ताळगावच्या नागाळी भागातून निघून टोंक, सांतइनेज करत कांपालजवळ मांडवीला मिळणारी ही खाडी पणजीत राहणाऱ्या आपल्या सभासदांच्या रोजच्या वाटेवर आहे. पुलावर नाकाला रुमाल लावायचा आणि सरकारला दोष द्यायचा, हे आम्हीही वर्षानुवर्षे केले. पण ‘खाडी घाण आहे’ एवढ्या तक्रारीवर कोणी काय करणार? घाण कोणत्या तोंडातून, केव्हा आणि कसली येते, ते सांगावे लागते.

आधी भरती-ओहोटी समजून घ्यावी. भरतीला मांडवीचे पाणी आत शिरते, घाण पातळ होते आणि वरच्या अंगाला ढकलली जाते. म्हणून जिथे दुर्गंधी तिथेच उगम, असे धरू नये. पाहणी ओहोटीच्या अखेरीस करावी. तेव्हा गटारांची तोंडे उघडी पडतात. ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते.

महिने फेब्रुवारी ते मे बरे. पाऊस नसताना पावसाळी गटार वाहत असेल तर ते पाणी कोणाच्या तरी घरातले, दुकानातले किंवा फुटलेल्या नळाचे. करडे, फेसाळ पाणी बहुधा मोरीचे किंवा कपडे धुण्याचे. सकाळी ७ ते ९ धार वाढली तर घरांकडे पाहावे, रात्री उशिरा तेलकट झाली तर खाणावळींकडे. तवंग दिसल्यास काठीने ढवळावा. त्याचे तुकडे होऊन तसेच राहिले तर तो लोहजिवाणूंचा, नैसर्गिक. पुन्हा जुळून आला तर तेल. काळा चिखल आणि कुजक्या अंड्यांचा वास मात्र तळाचा ऑक्सिजन संपल्याचे सांगतो, गुन्हेगार दाखवत नाही.

एका मार्चमध्ये अशीच धार धरून आम्ही वर चालत गेलो आणि आमच्याच इमारतीच्या मागे पोचलो. दोन वॉशिंग मशीनचे पाणी मलवाहिनीऐवजी पावसाळी गटारात सोडलेले होते. त्यातले एक मशीन आमचे. प्लंबरने जवळ पडेल तिथे नळी जोडली आणि आम्ही बिल चुकते केले. उभी नोकरी दुसऱ्यांची व्हाउचरे तपासण्यात गेली, पण घरचे राहिले! नळी त्याच आठवड्यात बदलली.

डोळ्यांनी संशय येतो, खात्री प्रयोगशाळेत होते. प्रत्येक तोंडाशी तीन नमुने हवेत: तोंडाच्या वरचा, तोंडातला आणि खालचा. टोंकचा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प काठावरच आहे. तिथेही हाच नियम. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली वापरून ती बर्फात ठेवावी. समुद्रालगतच्या पाण्यात स्नान करायचे तर बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, विरघळलेला ऑक्सिजन किमान ४ मिलिग्रॅम हवा आणि विष्ठेतील कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमागे १०० च्या आत. कोलिफॉर्म गुरांच्या व कुत्र्यांच्या विष्ठेतही असतात, म्हणून नुसत्या त्या आकड्यावरून शेजाऱ्यावर आळ घेऊ नये. अमोनिया आणि डिटर्जंटही जास्त निघाले तर सांडपाण्याचा संशय बळावतो. शेवटचा पुरावा रंगाचा: शौचालयात फ्लुरोसीन ओतून गटारात हिरवे पाणी येते का ते पाहणे. हे काम पालिकेचे. आपण लोकांच्या घरात शिरू नये.

पालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार देताना तारीख, ओहोटीची वेळ आणि जवळच्या खांबाची किंवा पुलाची खूण दिसेल असा फोटो जोडावा. अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यायला विसरू नये.