पथहानी-अनुमान : मस्तगड (जालना)

टॉवरवरच्या अँटेनापासून हँडसेटपर्यंत येताना रेडिओलहर किती क्षीण होईल, याचा टॉवर उभारण्याआधी बांधलेला अंदाज म्हणजे पथहानी-अनुमान. ही हानी डेसिबलमध्ये मोजतात. मोकळ्या अवकाशासाठी हॅरल्ड फ्रिस यांचे १९४६चे सूत्र पुरते. वस्तीत भिंती आणि छपरे आड येतात. म्हणून योशिहिसा ओकुमुरा यांनी टोकियो परिसरातल्या मोजमापांवरून १९६८ साली आलेख प्रसिद्ध केले आणि मासाहारू हाता यांनी १९८० साली त्यांना सूत्रांचे रूप दिले. नियोजनात हीच सूत्रे रुळली, पण त्यांतली नाजूक जागा गणितात नाही, वस्तीचा वर्ग ठरवण्यात आहे.

जालना शहरातला मस्तगड हा निजाम-उल-मुल्क असफजाह याच्या हुकुमावरून काबिलखानाने १७२५ साली बांधलेला किल्ला. भोवतीच्या जुन्या गावात घरे ठेंगणी, पण एकमेकांना खेटून. याला ‘शहर’ म्हणावे की ‘उपनगर’? अँटेना ३० मीटर उंच, हँडसेट दीड मीटरवर आणि लहर ९०० मेगाहर्ट्झची धरली, तर हाता-सूत्राने एक किलोमीटरवर शहरी हानी सुमारे १२६ डेसिबल येते, उपनगरी ११६ आणि मोकळ्या रानातली ९८. पहिल्या दोन वर्गांतला दहा डेसिबलचा फरक किरकोळ वाटेल. पण त्याने टॉवरचा पल्ला जवळजवळ दुप्पट होतो आणि क्षेत्र साडेतीन पटींहून अधिक. उपनगर धरून आखलेल्या नकाशात जिथे रेंज दिसते, तिथल्या गल्लीत फोन लागेलच असे नाही. ३५०० मेगाहर्ट्झच्या फाइव्ह-जीला तर हे सूत्र लावताच येत नाही. त्याची मर्यादा १५०० मेगाहर्ट्झपर्यंतच आहे.

टॉवरची शक्ती वाढवली की प्रश्न मिटेल, हा आक्षेप टिकत नाही. संभाषण दुतर्फा असते आणि फोर-जी हँडसेटची कमाल शक्ती सहसा ०.२ वॅट, टॉवर कितीही ओरडला तरी फोनचे उत्तर त्याला ऐकू यायला हवे. शिवाय भारतात सप्टेंबर २०१२पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली आहे. इमारतींच्या त्रिमितीय नकाशांवर चालणारी संगणकप्रणाली वर्गाचा घोळ टाळते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. तरी नकाशाला भिंतीची उंची कळते, ती दगडी आहे की पत्र्याची हे बहुधा कळत नाही. त्यामुळे गाडीतून फिरून केलेली ड्राइव्ह टेस्ट सुटत नाही, आणि त्या मोजमापांशी जुळवलेल्या सूत्रातही सहा ते आठ डेसिबलचे प्रमाण विचलन सर्रास उरते. जुन्या जालन्यासाठी ‘शहर’ हा वर्ग धरून सुरुवात करणे आणि मोजमाप हाती आल्यावरच तो सैल करणे, हेच सुरक्षित.