नाशिकमधील साहित्य व वक्तृत्व संस्था

नाशिक शहरात सार्वजनिक वाचनालय १८४० मध्ये स्थापन झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. दा. सावरकर व त्यांच्या सोबत्यांनी चालवलेल्या मित्रमेळ्याच्या साप्ताहिक बैठकांत भाषणांची तालीम होई. अर्थात तिथले वक्तृत्व राजकारणासाठीच होते. १९०४ मध्ये त्यातून अभिनव भारत संघटना उभी राहिली. न्या. म. गो. रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमालेची प्रथा नाशिकने १९२२ मध्ये उचलली. मे महिन्यात गोदाकाठी, यशवंतराव महाराज पटांगणावर ती भरते. बंद सभागृहापेक्षा हा उघडा घाट वक्त्याची अधिक कसोटी पाहतो. कुसुमाग्रजांशी निगडित लोकहितवादी मंडळ (१९५०) हे २०२१ च्या साहित्य संमेलनाचे यजमान होते.