सरकारी खरेदीत कामगारांचा शब्द

सरकार हे कोणत्याही देशातील फार मोठे गिऱ्हाईक असते. पलटणीचे बूट, टपालवाल्यांचे गणवेश, छपाई, इमारती या सर्वांची खरेदी एकगठ्ठा होते आणि बहुधा एकाच कसोटीवर होते: ज्याची निविदा सर्वांत कमी रकमेची, त्याला काम. हा नियम दिसावयास निर्मळ आहे. जनतेचा पैसा वाचतो, वशिल्यास जागा उरत नाही. परंतु भाव पाडणारा कंत्राटदार आपली तूट कोठून भरून काढतो?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडन शहराला हा प्रश्न टाळता येईना. १८८८ पासून १८९० पर्यंत लॉर्ड्स सभेच्या समितीपुढे साक्षी झाल्या आणि पूर्व लंडनच्या कोंदट खोल्यांत कपडे शिवणाऱ्यांचे हाल उघड झाले. काम कंत्राटदाराकडून पोटकंत्राटदाराकडे, तेथून आणखी खाली जाई आणि प्रत्येक पायरीवर मजुरीचा लचका तुटे. सैनिकांचे कपडेही याच वाटेने तयार होत.

१८८९ मध्ये लंडन कौंटी कौन्सिलची पहिली निवडणूक झाली. बॅटरसी भागातून जॉन बर्न्स हा यंत्रकामगार निवडून आला. त्याच वर्षी गोदी कामगारांच्या संपाचे पुढारीपण करणारा तो हाच. ज्याने स्वतः मजुरी केली असा माणूस आता खरेदी करणाऱ्यांच्या पंक्तीस बसला. लंडनच्या शाळामंडळाने आणि पाठोपाठ कौन्सिलने कंत्राटदारांवर वाजवी मजुरीची अट घातली. कंत्राटदार कुरकुरले तेव्हा कौन्सिलने बांधकामाचे स्वतःचे खातेच काढले. ते १९०९ पर्यंत चालले.

१३ फेब्रुवारी १८९१ रोजी सिडनी बक्स्टन यांच्या प्रयत्नाने हाउस ऑफ कॉमन्सनेही तसा ठराव केला. त्यातील गोम ‘प्रचलित’ या एका शब्दात होती. धंद्यात प्रचलित असलेली मजुरी द्यावी, हे ठीक. पण प्रचलित कोणती, हे ठरवावयाचे कोणी? खरेदी करणाऱ्या खात्यानेच! १९०९ मध्ये ठराव सुधारला, तरी सल्लागार समितीवर अधिकारीच बसले. कामगारांसाठी नियम झाला, कामगारांना खुर्ची मिळाली नाही. खरी दुरुस्ती १४ ऑक्टोबर १९४६ च्या ठरावाने झाली. मालक व कामगार संघ यांच्या करारातील दर प्रमाण ठरले आणि तंटा स्वतंत्र लवादापुढे नेण्याची सोय झाली.

१९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपल्या ९४ क्रमांकाच्या करारात याहून एक पाऊल पुढे टाकले. सार्वजनिक कंत्राटातील मजुरीच्या अटी मालकांच्या व कामगारांच्या संघटनांशी विचारविनिमय करूनच ठरवाव्यात, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. निविदा निघण्यापूर्वीच कामगारांचा शब्द ऐकावयाचा, ही माझ्या मते या साठ वर्षांच्या झगड्यातील सर्वांत मोलाची प्राप्ती होय. नवल असे, की ज्या ब्रिटनने ही वाट पाडली, त्यानेच १९८२ मध्ये करारातून अंग काढले आणि १९८३ मध्ये आपला ठरावही रद्द केला.

भारताने या कराराला मान्यता दिलेली नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने केंद्रीय सल्लागार मंडळावरील कामगारांचे प्रतिनिधी मुख्य मालक व कंत्राटदार यांच्या प्रतिनिधींहून कमी नसावेत, असे बंधन घातले होते. परंतु त्या मंडळाचा अधिकार सल्ल्यापुरताच होता.