बसून राहण्याचा हक्क

आमच्या नागपुरात एक प्रश्न येता-जाता विचारला जातो. ‘काय करून राहिले?’ विचारणाऱ्याला उत्तराची फारशी गरज नसते. ‘काही नाही, बसलो आहे,’ असे म्हटले की दोघांचेही समाधान होते. पण पेन्शनीत निघालेल्या माणसाच्या तोंडून हे साधे उत्तर काही निघत नाही. तो म्हणतो, ‘आत्ताच बँकेतून आलो.’ किंवा म्हणतो, ‘नातवाला शाळेत सोडायचे आहे.’ रिकामे असणे जणू गुन्हा आहे आणि आपण रंगेहाथ सापडलो आहोत, असा त्याचा चेहरा होतो.

हा चेहरा मी पहिल्यांदा घरातच पाहिला. माझे वडील शहरातल्या एका गिरणीत विणकामाच्या खात्यात होते. छत्तीस वर्षे नोकरी करून १९९१ साली ते निवृत्त झाले. हार, नारळ, फोटो, सगळे रीतसर झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे भोंगा झाला तेव्हा अब्बा नेहमीसारखे उठले, तयार झाले आणि सायकल काढून बाहेर पडले. महिनाभर हे चालले. आम्हाला वाटले, कुठे दुसरे काम पाहत असतील. मग कुणीतरी अम्मीला सांगितले, की ते जुमा तलावाच्या काठावर बसलेले असतात. दुपारी भाजी घेऊन घरी येतात. मोहल्ल्याने आपल्याला दिवसाउजेडी घरी बसलेले पाहू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. अम्मी त्यांना एवढेच म्हणाली, ‘चोरी की है क्या आपने?’

तो प्रश्न माझ्या मनात राहिला. आता माझीही निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे. कविता लिहिणाऱ्याला रिकामटेकडेपणाचा आरोप नवा नसतो, तरीही मला त्या दिवसाची धास्ती वाटते. म्हणून मी या रिकाम्या दुपारीचा इतिहास धुंडाळू लागलो. बराचसा आपल्याच शहरात सापडला.

‘पेन्शन’ हा शब्द इथे आला तो राजवाड्याच्या दारातून. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी भोसले वारले. औरस वारस नाही, असे म्हणून लॉर्ड डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले आणि भोसले घराण्याला पेन्शन बांधून दिली. राज्य गेले, नेमणूक आली. त्या काळी पेन्शन म्हणजे सरकारची मेहेरबानी. देणारा मोठा, घेणारा मिंधा. पुढे १८७१ साली पेन्शनचा कायदा झाला, त्यातही पेन्शनबाबत दिवाणी न्यायालयात दावा लावता येणार नाही, असेच कलम होते. मेहेरबानीवर कुणी फिर्याद करतो का?

त्यानंतरचा अध्याय गिरणीचा. नागपूरला रेल्वे १८६७ मध्ये पोचली. भोवताली कापूस होताच. जमशेटजी टाटांनी इथे गिरणी काढायचे ठरवले आणि जुमा तलावाजवळची दलदलीची जागा भरून घेतली. १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी, ती सुरू झाली. म्हणून तिचे नाव एम्प्रेस मिल.

गिरणी उभी राहिली, पण मालकांपुढे वेगळीच अडचण आली. यंत्रे वेळेवर सुरू होत, माणसे वेळेवर येत नसत. जमशेटजींच्या चरित्रकारांनी नागपूरच्या मजुरांची ही तक्रार आवर्जून नोंदवली आहे. मुंबईच्या मानाने इथले लोक आरामात जगणारे, जरा निमित्त मिळाले की घरी राहणारे. थोडक्यात आळशी!

मला या आळसाचे मूळ वेगळे दिसते. नागपूर हे कोष्टी आणि मोमीन विणकरांचे गाव. घरातल्या मागावर काम करणारा विणकर कष्टाला कमी नव्हता, पण त्याचा दिवस त्याच्या ताब्यात होता. वैशाखात दुपारी ऊन चढले की माग थांबे, संध्याकाळी पुन्हा सुरू होई. आजही मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की आपण दुपारी काय करतो? वाळ्याची ताटी किंवा कूलर लावून आडवे होतो. भोंग्याला हे मान्य नव्हते. खेड्यातून आलेल्या मजुराला पेरणी होती, लग्नसराई होती. गिरणीच्या वहीत मात्र या सगळ्याला एकच नाव होते, गैरहजेरी.

यावर जमशेटजींनी जे केले ते त्या काळात वेगळे होते. त्यांनी दंडाचा बडगा उगारण्याऐवजी माणसाला गिरणीत राहावेसे वाटेल, अशी व्यवस्था केली. बक्षीस समारंभ सुरू केले. हवेत ओलावा राखणारी आणि धूळ कमी करणारी यंत्रे बसवली. आणि १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला. १८९५ पासून अपघाताची भरपाईही मिळू लागली.

ही साले जरा जगाच्या पंचांगाशी ताडून पाहा. वृद्धांच्या पेन्शनचा जगातला गाजलेला पहिला कायदा बिस्मार्कच्या जर्मनीतला, तो १८८९ चा. त्यातही वय सत्तर पूर्ण हवे. इंग्लंडचा कायदा १९०८ चा. एम्प्रेस मिलचा फंड हा एका गिरणीपुरता होता, देशाचा कायदा नव्हे. दोन्हींची बरोबरी करू नये. पण म्हातारपणी मजुरालाही काही मिळाले पाहिजे, हा विचार इथे त्या कायद्यांच्या आधी पोचला होता, आणि त्यामागे नागपूरकरांच्या आळसाचाही थोडा हात होता, असे म्हणायला हरकत नाही. ज्या आळसाची आपल्याला लाज वाटते, त्याने एका हुशार मालकाला विचार करायला लावले.

अर्थात ही पेन्शन राजाच्या मेहेरबानीसारखी नसली, तरी हक्कही नव्हती. ती मालकाने दाखवलेले आमिष होती. विसावा हक्काचा व्हायला मजुरांनाच तोंड उघडावे लागले.

रविवारच्या सुट्टीचेच पाहा. आपण ती उपजतच मिळाल्यासारखी उपभोगतो. मुंबईत गिरणी कामगार तेव्हा सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत. ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी मागितली. सहा वर्षे हा माणूस ती मागणी धरून बसला. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. दुसऱ्याच वर्षी ती कारखाना कायद्यात आली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. हे सहा तास कुणी दानात दिलेले नाहीत.

पेन्शनचा निकाल लागायला आणखी वेळ लागला. १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पेन्शन ही सरकारच्या मर्जीवरची गोष्ट नाही. मग संरक्षण खात्यातून निवृत्त झालेले डी. एस. नकारा न्यायालयात गेले. ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना सुधारित पेन्शनचा लाभ नाकारला होता. १७ डिसेंबर १९८२ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने तो भेद रद्द केला. पेन्शन ही बक्षिसी नव्हे, माणसाने उमेदीच्या काळात केलेल्या सेवेचे ते देणे आहे, असा त्या निकालाचा आशय. निवृत्त मंडळी १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात, तो यासाठी.

मेहेरबानी, आमिष आणि हक्क, असा हा सव्वाशे वर्षांचा प्रवास आहे. तरीही अब्बा तलावाच्या काठावर लपून बसले. कायद्याने त्यांना विसावा दिला होता. त्यांच्या मनातला मुकादम मात्र निवृत्त झाला नव्हता.

आणि ज्यांना हा हक्कच मिळाला नाही, त्यांचे काय? एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. तिच्या जागेवर आता मॉल आहे. तिथे चकाचक फरशीवर फिरताना वाटते, वय होण्याआधीच घरी बसावे लागणे ही निवृत्ती नव्हे. कामगारांच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत किमान रक्कम एक हजार रुपये झाली, तीही २०१४ मध्ये. राज्य सरकारच्या नोकरीत १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नव्हती, म्हणून मार्च २०२३ मध्ये लाखो कर्मचारी संपावर गेले. घरच्या मागावरच्या विणकराला तर सेवापुस्तकच नव्हते. डोळे जाईपर्यंत तो धागा जोडत राहिला. म्हणून माझे म्हणणे आहे, की ज्याला पेन्शन मिळते त्याने बसायला लाजू नये. त्याने लाजण्यापेक्षा, ज्याला ती मिळत नाही त्याच्या बाजूने बोलावे. रिकामी दुपार वाईट असती, तर लोखंड्यांनी तिच्यासाठी सहा वर्षे घालवली नसती.

आता अब्बांचे पुढे काय झाले ते सांगतो. अम्मीने विचारल्यानंतर त्यांनी तलावावर जाणे सोडले. अंगणातल्या कडुनिंबाखाली बाज टाकली. सुरुवातीला हातात वर्तमानपत्र धरत, निदान वाचतो आहे असे दिसावे म्हणून. हळूहळू तेही बाजूला पडले. येणारा-जाणारा विचारी, ‘काय करून राहिले चाचा?’ ते म्हणत, ‘काही नाही. बसलो आहे.’

पण त्यांच्याच लक्षात आले, की आपण बसलो आहोत आणि आपली बायको अजून पाळीवर आहे. तिला ना भोंगा, ना रविवार, ना पेन्शनची तारीख. एके दिवशी दुपारी झोहरच्या नमाजनंतर ते स्वयंपाकघरात शिरले. छत्तीस वर्षे माग सांभाळलेल्या माणसाने पहिल्यांदा चहा केला. साखर दुप्पट पडली होती. तेव्हापासून दुपारचा चहा अब्बांकडे आला. त्या वेळी बाजेवर अम्मी बसलेली असे. शेजारीण हाक मारून विचारी, ‘काय करून राहिल्या?’

अम्मी हसत म्हणे, ‘काही नाही, बसली आहे.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)