तमे केवा?

१९८१च्या जूनमध्ये आम्ही वाईहून बडोद्याला आलो ते दोन होल्डॉल, एक वातीचा स्टोव्ह आणि सासूबाईंनी बांधून दिलेली भाजणी एवढ्या संसारानिशी. ह्यांना शहराबाहेरच्या एका रासायनिक कारखान्यात नोकरी लागली होती. पहिले आठ दिवस ह्यांच्या मित्राच्या खोलीवर काढले आणि मग घर शोधायला बाहेर पडलो. पहिल्याच घराच्या झोपाळ्यावर मालक बसले होते. ‘बेसो’ म्हणाले, आम्ही बसलो. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, ‘तमे केवा?’

मला गुजरातीचा गंध नव्हता. मी आपला मराठीतून अर्थ लावला : तुम्ही केव्हा आलात, असं विचारताहेत. म्हटलं, ‘मंगळवारी.’

मालक गोंधळले. ह्यांचा मित्र खाकरला आणि हळूच म्हणाला, ‘काका, मराठी ब्राह्मण छे.’ मालकांचा चेहरा सैलावला, आतून पाण्याचे पेले आले. जिना उतरताना मित्रानं मला समजावलं की ‘केवा’ म्हणजे कसले, कुठल्या जातीचे. आमच्याकडे म्हातारी माणसं ‘कोणाच्यातले तुम्ही?’ म्हणतात, तेच.

ते घर नळाच्या कटकटीमुळे आम्हीच सोडलं. दांडिया बाजारात एका मराठी बाईंच्या माडीवर खोली मिळाली, भाडं दीडशे रुपये. सगळे त्यांना माई म्हणत. त्यांनी मराठीतच विचारलं, ‘कोणाच्यातले गं तुम्ही?’ यावेळी मी बरोबर उत्तर दिलं आणि दोन मिनिटांत किल्ली हातात पडली. आपण सभ्य दिसतो म्हणून खोली मिळाली, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

माईंचं घराणं ‘गायकवाडांबरोबर आलेलं’. हे त्या अशा थाटात सांगत की आदल्या आठवड्यात बैलगाड्या सोडल्या असाव्यात. गायकवाडांनी बडोदं कायमचं घेतलं ते १७३४ साली. त्यांच्या मागोमाग शिलेदार आले, कारकून आले, भटजी, आचारी, वैद्य, कीर्तनकार आले. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा हे सारे मराठी माणसांचे भाग. आषाढीला आणि कार्तिकीला विठ्ठलमंदिरातून विठोबाची मिरवणूक निघते, तिला सगळं गाव ‘वरघोडो’ म्हणतं, म्हणजे नवरदेवाची वरात. पहिल्या वर्षी मी नवरदेव शोधत उभी होते! गावाची खास ओळख सांगणारा पदार्थ सेवउसळ. उसळ आपली, वरची शेव त्यांची, आणि वाढून घेताना दोघंही ‘तरी’च मागतात.

दुपारी काम आवरलं की माई झोपाळ्यावर बसून दरबारच्या गोष्टी सांगत. त्यांतली १८७५ची गोष्ट मला फार आवडे. मल्हारराव महाराजांवर इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअरच्या सरबतात विष कालवल्याचा आळ आला आणि इंग्रज सरकारनं त्यांना गादीवरून काढलं. खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. गायकवाडांच्या भाऊबंदांत शोध झाला आणि नाशिककडच्या कवळाण्याहून शेतकरी शाखेतली मुलं बडोद्याला आणली गेली. त्यांतला गोपाळ बारा वर्षांचा, अक्षरओळख जवळजवळ नाही. कशाला आलास, असं विचारल्यावर ‘राज्य करायला’ म्हणाला, असं सांगतात. मे १८७५मध्ये तो दत्तक गेला आणि गोपाळचा सयाजीराव झाला.

माईंना त्या उत्तराचं कौतुक. माझ्या डोळ्यांपुढे मात्र गावाबाहेर पहिल्यांदा पडलेला मुलगा यायचा. नाव बदललं, आई बदलली, आणि मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी असं सगळं एकदमच शिकायला बसवलं. मी तेव्हा बसच्या पाट्या वाचायला शिकत होते. गुजराती अक्षरांवर रेघ नाही, त्यामुळे मला ती उघड्या डोक्यानं उन्हात उभी असल्यासारखी दिसायची. दोन महिने मी चुकीच्या बसमध्ये चढत होते.

राजा कवळाण्याचा, तर राज्य सांभाळायला आणलेले दिवाण सर टी. माधवराव कुंभकोणमचे. तंजावरकडच्या मराठी घराण्यातला हा माणूस त्रावणकोर आणि इंदूरची दिवाणगिरी करून इथे आला. सयाजीरावांची पहिली राणी चिमणाबाईही तंजावरची. १८८०मध्ये ती लग्न होऊन आली आणि तिच्याबरोबर भरतनाट्याच्या नर्तकीही बडोद्यात आल्या. म्हणजे ज्यांच्यामुळे बडोदं बडोदं झालं, त्यांतली कितीतरी माणसं माझ्यासारखीच बाहेरून आलेली.

१८९३च्या फेब्रुवारीत आणखी एक आला. अरविंद घोष, वय वीस. सातव्या वर्षापासून इंग्लंडात वाढल्यामुळे त्यांना स्वतःची बंगालीसुद्धा धड येत नव्हती. मराठी आणि गुजराती ते बडोद्यात शिकले आणि बंगाली शिकवायला पुढे एक लेखक त्यांच्या घरी येऊन राहिले. महसूल खात्यातल्या कामापासून बडोदा कॉलेजातल्या प्राध्यापकीपर्यंत तेरा वर्षं त्यांनी इथे काढली. बरीच वर्षं ते खासेराव जाधवांच्या दांडिया बाजारातल्या बंगल्यात राहत. आमच्या माडीपासून तो बंगला चालत पाच मिनिटांवर. बाजारातून पिशवी घेऊन येताना मी तिथे सावलीला थांबायची. वाटायचं, काय हे गाव! येईल त्याला सामावून घेतं.

हे मत मी मोठ्या तोऱ्यात बाळगलं आणि मग मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जायला लागले. सयाजीरावांनी १९१०मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून राज्यभर वाचनालयांचं जाळं विणलं, त्याचं हे मूळ केंद्र. पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, वरचा उजेड खाली झिरपत येतो. त्या काचेवर चालायला पहिल्यांदा मला भीती वाटली होती. तिथेच एका दुपारी डॉ. आंबेडकरांनी लिहिलेल्या आठवणी हाती लागल्या.

आंबेडकर सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकले. बदल्यात दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायचा करार होता. त्याप्रमाणे १९१७मध्ये ते बडोद्याला आले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला, लंडनहून परतलेला माणूस, खुद्द महाराजांनी शिकवलेला. आणि राहायचं कुठे, हा त्यांचा पहिला प्रश्न. हिंदू खाणावळीत घेणार नाहीत हे ठाऊक होतं. एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव सांगून उतरले, भाडं दिवसाला दीड रुपया. वरच्या मजल्यावर ते एकटेच. शेजारच्या मोठ्या दालनात मोडक्या खुर्च्या, बाकं, फळ्या टाकलेल्या, उजेड जेमतेम, रात्री वटवाघळं फिरायची. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीत जायला निघाले, तर काठ्या घेतलेले डझनभर लोक जिना चढून वर आले आणि संध्याकाळच्या आत निघून जा म्हणाले.

त्यांच्या ओळखीची दोन माणसं बडोद्यात होती, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही घरी आलात तर नोकरमाणसं निघून जातील. ख्रिस्ती मित्र मूळचा ब्राह्मण, त्यानं बायकोला विचारावं लागेल म्हटलं, म्हणजे नकारच. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी कामाटी बागेत काढले. ज्या वडाखाली ते बसले, त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात.

कामाटी बाग म्हणजे आमची रविवारची जागा. मुलीला छोट्या आगगाडीत बसवायचं, शेंगा खायच्या, अंधार पडला की घरी. इतकी वर्षं मी त्या बागेत बसले होते, कारण माझ्याकडे परत जायला माडी होती.

पुस्तक मिटलं आणि माईंची किल्ली आठवली. ह्यांच्या मित्राचे ते दोन शब्द आठवले, मग लगेच बाहेर आलेले पाण्याचे पेले आठवले. सयाजीराव काही लहान राजा नव्हता. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण त्यानं १८९३मध्ये अमरेलीकडच्या दहा गावांत सुरू केलं आणि १९०६मध्ये राज्यभर नेलं. अस्पृश्य मुलांसाठी त्यानं शाळा काढल्या. पण नोकरी राजा देतो, खोली गावानं द्यायची असते. अरविंदबाबूंना जाधवांचा बंगला मिळाला. आंबेडकरांना त्याच गावात, त्याच राजाच्या चाकरीत, एक माडी मिळाली नाही. तेव्हा त्या रस्त्यावर माईंच्या घरासारखी कितीतरी घरं असतील.

मी हे माईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ झोपाळा पायानं रेटत राहिल्या. म्हणाल्या, ‘तेव्हा तसंच होतं गं.’ मग थोड्या वेळानं, ‘आमच्याकडे आले असते तर आम्हीही नसतं ठेवलं.’ या खरेपणाबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. मी त्यांच्या जागी असते तर ‘आमचं घर तसं नव्हतं’ असं म्हणाले असते.

माईंच्या जगाला धक्का बसला तो १ मे १९४९ रोजी, संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं तेव्हा. खासगी खात्यातली नोकरी, सणाचा पोशाख, दरबारातलं बोलावणं, सगळं आटत गेलं. १९६०च्या १ मेला गुजरात वेगळं झालं आणि दोन शतकं राज्यकर्त्यांची असलेली मराठी इथे घरातली भाषा उरली. मग कोयलीची तेलशुद्धी, खतं, रसायनं असे कारखाने आले, त्यांच्यामागे देशभरातून माणसं आली, आणि त्याच लाटेत आम्ही. माईंचा धाकटा भाऊ म्हातारपणी नव्या वसाहतीत फ्लॅट बघायला गेला, तेव्हा त्यालाही विचारलं गेलं, ‘तमे केवा?’ गायकवाडांबरोबर आलेल्या माणसाला! माई हे सांगताना चिडायच्या. मला हसू यायचं, आणि हसू आल्याची लाजही वाटायची.

१९९४मध्ये आम्ही विश्वामित्री नदीपलीकडे स्वतःचं घर बांधलं. वर एक खोली काढली, झोपाळाही टांगला. २०१३मध्ये परभणीकडचा एक मुलगा ती खोली बघायला आला, नुकताच नोकरीला लागलेला. मी आधी पाणी दिलं, मनात म्हटलंसुद्धा, बघ, आपण आधी पाणी देतो. मराठीत गप्पा झाल्या. खोली त्याला आवडली, भाडं ठरलं. आणि मी विचारलं, ‘आडनाव काय म्हणालास?’

त्यानं आडनाव सांगितलंच नव्हतं. नुसतं नाव सांगितलं होतं. आता त्यानं सांगितलं, सावकाश, माझ्या डोळ्यांत बघत. पण त्याआधीच त्याचा हात शेजारच्या बॅगेच्या बंदाकडे गेला होता.

तो दोन वर्षं राहिला. दिवाळीला आईनं दिलेल्या करंज्या आणायचा. आमच्यात त्या प्रश्नाचा विषय कधी निघाला नाही. तो हात मात्र मला अजून दिसतो.

आता खोली बघायला कोणी आलं की मी एवढंच विचारते, ‘केव्हा येताय राहायला?’ कोणी म्हणतं एक तारखेला, कोणी म्हणतं मंगळवारी. तोंडानं मी दुसरं काही विचारत नाही. पण पत्र येतं, कुरिअरवाला खालून हाक मारतो, तेव्हा आडनाव ऐकायला माझे कान अजून टवकारतात.