क्रम चुकलेली मालिका: धारपांचे 'समर्थ' आणि परत भेटण्याची ओढ

एखादी कादंबरीमालिका पहिल्या पुस्तकापासून क्रमाने वाचायला मिळणे, हे भाग्य मुरुडसारख्या गावात फार थोड्यांच्या वाट्याला आले असेल. लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे बाजाराचे गाव. १९८२ साली लातूर जिल्हा झाला, तोवर ते उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. येथल्या वाचनालयातून आम्ही नारायण धारपांची 'समर्थ' मालिका वाचली ती हाताला लागेल तशी. आधी मधले कुठलेतरी पुस्तक, मग त्यानंतरचे, आणि आरंभीचे कितीतरी वर्षांनी. त्यातही कुणाची पहिली पाने गेलेली, कुणाची शेवटची. आश्चर्य असे की, त्यामुळे आमचे काहीच अडले नाही. ते का अडले नसावे, याचा शोध घेताना या मालिकेविषयी आणि एकूणच मालिका-वाचनाविषयी जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत.

तुलनेसाठी जपानकडे पाहू. कुरिमोतो काओरु या लेखिकेने १९७९ साली 'गुइन सागा' ही कादंबरीमालिका सुरू केली. बिबट्याचे मस्तक असलेला एक योद्धा रानात शुद्धीवर येतो. आपण कोण, कुठले, हे त्याला आठवत नाही. लेखिकेचा संकल्प शंभर खंडांचा होता. शंभरी उलटली तरी कथा संपली नाही. २००९ साली लेखिका निवर्तल्या तेव्हाही ती अपुरीच होती, आणि पुढे इतरांनी ती हाती घेतली. अशा कथेत क्रमाला महत्त्व आहे. राज्ये उभी राहतात आणि कोसळतात, मुले मोठी होतात. साठावा खंड आधी वाचणाऱ्याला त्यातले फारसे कळणार नाही. यासाठी दर खंड वेळेवर दुकानात येणे आणि वाचकाने तो विकत घेणे, अशी भक्कम व्यवस्था पाठीशी लागते. मराठी रंजक कादंबरीला ती क्वचितच लाभली. तिचा वाचक बहुतांशी वर्गणी भरून वाचनालयातून पुस्तक नेणारा. हवे ते पुस्तक बहुधा दुसऱ्याकडे गेलेले असे, आणि असेल ते तो घेऊन जाई. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळापहाड काय, धारपांचे समर्थ काय, हे नायक प्रत्येक पुस्तकात नव्याने उभे राहतात आणि काम आटोपून निघून जातात, यामागे ही साधी व्यावहारिक सोयही असली पाहिजे. समीक्षकांनी तिला साचा म्हणून हिणवले. आम्हाला ते पुरते पटत नाही.

कारण क्रमावाचून चालणारी दीर्घ कथा आपल्याकडे वाचनालयांच्याही आधीपासून आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि शिक्षण उर्दूतून होते. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ तर १९१८ साली उर्दू माध्यमातूनच सुरू झाले. म्हणजे येथे दास्तान वाचू शकणारी एक पिढी होती. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून अमीर हमजाची दास्तान छापायला घेतली, ती शेवटी ४६ खंडांवर गेली. जादूगार, तिलिस्म, रूपे पालटणारे ऐयार. आज ज्याला आपण फँटसी म्हणतो त्यातले काय नाही तिच्यात? दास्तानगो मात्र श्रोत्यांपुढे त्यातला एखादाच प्रसंग घेऊन बसे.

आणखी जवळचे उदाहरण पोथीचे. 'नवनाथ भक्तिसार'चे ४० अध्याय श्रावणात क्रमाने वाचले जातात, हे खरे. पण अडचणीच्या वेळी त्यातला नेमका एकच अध्याय काढून वाचण्याची रीतही घरोघर आहे. भूतबाधेवर अमुक, संततीसाठी तमुक. तो अध्याय ऐकणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. ठाऊक असतो म्हणूनच तो ऐकायचा असतो.

धारपांनी (१९२५–२००८) आपल्या नायकाला 'समर्थ' हे नाव दिले, त्यात हा धागा उघडच आहे. एका पुस्तकाचे नाव तर 'समर्थांचिया सेवका' असे आहे. मनाचे श्लोक पाठ असणाऱ्या वाचकाला त्याचा उरलेला अर्धा भाग सांगावा लागत नाही. (रामदासांचे जन्मगाव जांब मराठवाड्यातलेच, पण या योगायोगावर आम्ही काही इमारत उभी करीत नाही.) मालिकेतले समर्थ मात्र मठातले नाहीत. ते अनिष्ट शक्तींशी झुंजतात, आणि ती शक्ती काय आहे, कोठून आली, हे एखाद्या शास्त्रज्ञाच्या शांतपणे समजावून सांगतात. त्यांच्या सोबतचे अप्पा म्हणजे आपणच: घाबरणारे, प्रश्न विचारणारे, उशिरा समजणारे.

या आश्वासनाची किंमत मालिकेला मोजावी लागते. समर्थ आले की भीती ओसरते. त्यामुळे भयकथा म्हणून धारपांचे उत्तम लेखन या मालिकेबाहेर आहे, असेच आमचे मत. 'लुचाई' घ्या. स्टीफन किंगच्या कादंबरीवर बेतलेली असूनही ती मराठी गावाच्या अंगणात अशी उतरते की दार लावताना हात थबकतो. 'आजी' ही कथा तर २०१८च्या 'तुंबाड' चित्रपटामुळे वाचनालयांत कधी न गेलेल्यांपर्यंतही पोहोचली. तेथे कोणी समर्थ येत नाहीत.

तरीही ३० सप्टेंबर १९९३ नंतरचे दिवस आठवतात. किल्लारीचा भूकंप झाला, पहाटेच्या त्या धक्क्याने आम्ही जागे झालो ते पुढे कित्येक रात्री घरात झोपलोच नाही. अंगणात बाजा टाकलेल्या, कंदील उशाशी, जमीन पुन्हा हलते की काय याकडे कान. वाचनालयातून आणलेली दोन पुस्तके घरात होती, दोन्ही धारपांचीच. 'लुचाई'ला कोणी हात लावला नाही. 'समर्थ' मात्र आळीपाळीने सगळ्यांनी वाचले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना वाचून दाखवले. त्या प्रतीची शेवटची चार-पाच पाने नव्हती. शेवट काय, असे कोणीही विचारले नाही.

ज्याला आपण वर्गात 'पलायनवादी साहित्य' म्हणून एका वाक्यात निकालात काढतो, ते हेच. आम्हीही वर्षानुवर्षे तसेच शिकवले. मधल्या काळात वाचनालयांतून निर्लेखनाच्या याद्या निघाल्या आणि फाटलेली, बांधणी सुटलेली पुस्तके रद्दीत गेली. सर्वांत जास्त वाचली गेलेली पुस्तकेच सर्वांत जास्त फाटलेली होती, हे उघड आहे. धारपांच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या पुढे औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) साकेत प्रकाशनाने काढल्या, म्हणून निदान ती आज मिळतात. पण जुन्या प्रतींच्या शेवटच्या पानांवर चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठ्या, कोणत्या महिन्यात किती जणांनी काय नेले याचा तो इतिहास, तो पुन्हा छापता येणार नाही.

यंदा आम्ही नव्या प्रती मागवल्या आणि मालिका प्रथमच क्रमाने वाचायला बसलो. दुसऱ्या पुस्तकाशीच क्रम सोडला, आणि त्या अंगणात वाचलेले पुस्तक आधी काढले. त्याला शेवटची पाने होती.