लक्ष्मीबाई टिळक : भक्तीची साक्ष आणि घराण्याची स्मृती

मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाची साधने बहुधा मिशनांचे अहवाल, बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आणि मृत्युलेख या स्वरूपाची आहेत. त्यांत धर्मांतराची तारीख सापडते. परंतु ते धर्मांतर चुलीपाशी व पाण्याच्या हंड्यापाशी कसे घडले, याचा उलगडा क्वचितच होतो. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीचे स्मरण तर बहुधा 'श्रद्धाळू' व 'सेवाभावी' या दोन विशेषणांतच आटोपते. या पार्श्वभूमीवर लक्ष्मीबाई टिळक (1868–1936) यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचे मूल्य पाहणे अवश्य ठरते.

लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे, चित्पावन कुटुंबात झाला. लक्ष्मीबाई माहेरच्या गोखले. त्यांचे माहेर नाशिकजवळील जलालपूरचे. त्यांच्या आईचे वडील 1857 च्या धामधुमीत फाशी गेले आणि त्या आघातानंतर आपल्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले, असे त्या सांगतात. बाजारातून आलेले जिन्नसदेखील धुतल्यावाचून त्या घरात शिरत नसत. शिवाशिवीच्या या कडक शिस्तीत वाढलेली ही मुलगी अकराव्या वर्षी टिळकांच्या घरी आली. तिला लिहावाचावयास शिकविले ते पतीनेच.

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. वाचन, वाद आणि चिंतन या मार्गाने ते त्या निर्णयाप्रत आले होते. लक्ष्मीबाईंवर मात्र हा निर्णय कोसळला. पुढील काही वर्षे त्या मुलाला घेऊन पतीपासून दूर राहिल्या. त्यांतील काही काळ पंढरपुरात गेला. अहमदनगरास पतीच्या सान्निध्यात आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. जातिभेद देवाने निर्मिला की माणसाने, हा प्रश्न पुढे त्यांच्या मनात उभा राहिला. तो माणसानेच निर्मिला, असा निश्चय झाल्यावर कोणाच्याही हातचे अन्नपाणी त्यांनी स्वीकारले. त्यानंतर 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

हा क्रम अभ्यासकाने नीट ध्यानात घ्यावयास हवा. येथे आधी सोवळे सुटले, मग बाप्तिस्मा झाला. नोंदवहीत केवळ दुसऱ्या घटनेला स्थान आहे. ज्या घटनेसाठी या स्त्रीला सर्वाधिक झगडावे लागले, तिची साक्ष फक्त तिच्या स्वतःच्या लेखनात उरली आहे.

पुढील आयुष्यात त्यांच्या भक्तीचे स्वरूप घरगुतीच राहिले. अनाथ मुलांना त्यांच्या घरी आश्रय मिळाला. त्र्यंबक बापूजी ठोमरे म्हणजे बालकवी हेही त्यांच्या मायेच्या छायेत काही काळ राहिले. 1919 मध्ये टिळक निवर्तले. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि त्यात 64 अध्यायांची भर घातली. शालेय शिक्षण न लाभलेल्या स्त्रीच्या हातून हे कार्य व्हावे, हे विशेष होय.

'स्मृतिचित्रे' चार भागांत 1934 ते 1937 या काळात प्रसिद्ध झाली. पुत्र देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते, म्हणून आईने आठवणी लिहून काढल्या. त्यांतून तिचेच आत्मचरित्र सिद्ध झाले. अखेरचा भाग पुरा होण्यापूर्वीच लक्ष्मीबाई निवर्तल्या व ते काम पुत्राने पूर्ण केले. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी ग्रंथाची साक्षेपाने सिद्ध केलेली आवृत्ती 1989 मध्ये प्रकाशित झाली. अशा रीतीने तीन पिढ्यांच्या हातून ही स्मृती जतन झाली.

या साधनालाही मर्यादा आहेतच. बऱ्याचशा घटना तीस-चाळीस वर्षांनंतर लिहिल्या गेल्या आणि लेखिकेचा विनोद काही प्रसंगांना आकार देतो. परंतु तो विनोद बहुधा तिच्या स्वतःवरच रोखलेला आहे. आपला राग, हट्ट व फजिती ती लपवीत नाही. त्यामुळे तिच्या श्रद्धेविषयीच्या विधानांना अधिक वजन येते. नातवाने आजीवर स्तुतिलेख रचण्यापेक्षा तिचे शब्द पारखून पुढच्या पिढीच्या हाती द्यावेत, हेच अशा स्मरणाचे अधिक विश्वसनीय रूप होय. मराठी ख्रिस्ती घराण्यांतून पडून असलेली पत्रे, रोजनिशा व आठवणींची बाडे याच दृष्टीने तपासली गेली पाहिजेत.